खिळ्यावरची स्प्रिंग

खोकं आलं ते नेमकं थोरली कामावर असताना. संध्याकाळी ती परतली, तर जेवणाच्या टेबलावर, जिथे तिला साधा पानासुद्धा ठेवायची बंदी होती, तिथे वर्तमानपत्र अंथरून बाबांनी लोखंड मांडलं होतं. एक लांब सळई, एक आखूड सळई, कोपरासारखी वाकलेली जाड पट्टी, पिना, वॉशर. सगळं कोरं करकरीत. आणि चष्मा लावून बाबा दागिने बघावेत तसा एकेक नग उजेडात धरून बघत होते.

"धाकटीनं पाठवलंय," ते म्हणाले. "आपल्या ट्रॅक्टरचं. अगदी कंपनीचं. बघ तरी!"

थोरलीने बघितलं नाही. तिने चपला काढल्या, हात धुतले, धुतलेले हात पुन्हा धुतले.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "हे उचललंत तर जेवता येईल."

आई ओट्यापाशी होती. तिने एकदाच वळून लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा भांड्यात डाव फिरवायला लागली. या घरात कोणाच्या पोटात काय शिजतंय, हे तिला चुलीवरच्या भांड्याच्या आधी कळायचं.

ट्रॅक्टर म्हणजे काही शेतातला अगडबंब ट्रॅक्टर नव्हे. बागेतला, बुटका, एखादं खेळणं जरा जास्तच मोठं झाल्यासारखा. त्याच्या पोटाखाली गवत कापायच्या पात्यांचा चपटा लोखंडी डबा, आणि सीटच्या उजव्या हाताला एक लिव्हर. लिव्हर मागे ओढली की डबा वर उचलला जातो, पुढे सोडली की खाली बसतो. लिव्हर आणि डबा यांच्यामध्ये जो सळ्यापट्ट्यांचा जोड असतो, त्याला वर्कशॉपमध्ये लिंकेज म्हणतात. बाबा शाळेत माळी होते तेव्हा त्यांनी वीस वर्षं हाच ट्रॅक्टर चालवला. पुढे शाळेने तो मोडीत काढला आणि त्याच वर्षी बाबाही निवृत्त झाले, तेव्हा दोघं एकदमच घरी आले. आता आठवड्यातून दोनदा ते घरामागचं आवार आणि शेजारच्या वाचनालयाची हिरवळ कापायचे. त्या दोन दिवशी त्यांना पेपर लागायचा नाही की दुपारची झोप लागायची नाही.

चालवायला ट्रॅक्टर बाबांचा, पण दुरुस्तीला थोरलीचा. ही वाटणी कोणी बसून केली नव्हती, ती होऊन गेली होती. नऊ वर्षांपूर्वी, पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ती फिटर म्हणून नुकती लागली होती, तेव्हा मूळचं लिंकेज गंजून तुटलं. तिने भंगारातून सळई आणली, वाकवली, वेल्डिंग केलं आणि एका रविवारात ट्रॅक्टर चालू करून दिला. तेव्हा बाबांनी गल्लीभर सांगितलं, "आमच्या थोरलीच्या हाताला यश आहे." नंतर ती सळई तीनदा तुटली. तीनदा तिने जोडली आणि तिन्ही वेळा बाबा तेच वाक्य बोलले.

धाकटी वर्गात पहिली यायची. धाकटीचं अक्षर मोत्यासारखं, धाकटीचा गळा गोड, धाकटीला परगावी मोठी नोकरी. थोरलीच्या वाट्याला हे एवढं एकच वाक्य आलं होतं, आणि ते तिने जिवापाड जपलं होतं. त्यावरसुद्धा आता धाकटीने हात मारला, तोही घरबसल्या, कुरिअरने.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. बाबांची औषधं कोण आणतं? थोरली. दर महिन्याला दुखण्यावरच्या मलमाची ट्यूब, न सांगता, न चुकता? थोरली. नळ गळला, दिवा गेला, दाराची कडी निखळली, हाक कोणाला? आणि धाकटी काय करते? दर रविवारी फोनवर चेहरा दाखवते. अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी बाबा सकाळी उठून दाढी करतात! थोरलीसमोर आठवडाभर वाढलेल्या खुंटांनी बसायला त्यांना काही वाटत नाही.

जेवताना तिच्याने राहवलं नाही. "लिंकेज बदलायचंय हे तिला तिकडे बसून कसं कळलं?"

"बोलता बोलता निघालं," बाबा म्हणाले.

"काय निघालं?"

"लिव्हर जरा जड जाते म्हटलं."

थोरलीचा घास हातातच राहिला. "मला नाही कधी म्हणालात."

"अगं, वय झालं. आता काय, सगळंच जड जातं," असं म्हणून बाबांनी पाण्याचा पेला जवळ ओढला आणि विषय संपवला.

तिचा मात्र संपला नाही. नवं लोखंड आल्याचं दुःख एक वेळ तिने गिळलं असतं. पण जड जातं हे तिच्या कानाला न सांगता धाकटीच्या कानाला सांगितलं, याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शनिवारपर्यंत ती धुमसत राहिली. वर्कशॉपमध्ये तिने एका पंपाचा नट इतका आवळला की त्याचे आटे गेले. मिस्त्री म्हणाले, "बाई, राग कोणावर आणि काढता कोणावर?"

शनिवारी सकाळी तिने शेडचं दार उघडलं. शेड म्हणजे चार पत्रे आणि एक बल्ब. भिंतीला फावडी, कुदळी, पाण्याच्या नळीचं वेटोळं. दारामागे खिळा, खिळ्यावर जुनी गंजकी स्प्रिंग लोंबकळत असायची. तिच्या वरच्या आकड्यात बाबांची टोपी आणि खालच्या आकड्यात झाडं छाटायची कात्री. बाबा मागोमाग आले, स्टुलावर बसले आणि खोक्यातून निघालेला माहितीचा कागद त्यांनी मांडीवर उलगडला.

एरवी या दोघांचं काम बघण्यासारखं असायचं. तिने नुसता हात मागे करावा आणि बाबांनी त्यात नेमका पाना ठेवावा. आज बाबा कागद वाचत होते.

"यात म्हटलंय, आधी डब्याखाली ठोकळे द्या."

"दिलेत, बाबा."

"मग मागची पिन काढा."

"मला माहीत आहे, बाबा. मीच घातलीय ती."

बाबांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. पिना गंजून घट्ट झाल्या होत्या. तिने तेल सोडलं, वाट पाहिली, हातोडीने हलके ठोकून एकेक बाहेर काढली. जुनं लिंकेज सुटून जमिनीवर आलं, तीन वेल्डिंगच्या तीन गाठींसकट. कोऱ्या सळईशेजारी ते फारच कळकट दिसत होतं, म्हणून तिने ते पायाने ट्रॅक्टरखाली सरकवलं.

मग तिने नवं उचललं. लांब सळईचं एक टोक लिव्हरला अडकवलं. दुसरं टोक वाकड्या पट्टीला, आणि पट्टीचं भोक चेसिसच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याच्या, भोकासमोर आणायला गेली. येईना. तिने ओढलं, ढकललं, खाली आडवं होऊन पाहिलं. पट्टी भोकापासून चांगली दोन बोटं दूर राहत होती.

थोरलीच्या मनात तेव्हा जे झालं, त्याला आनंद म्हणायची तिलाही लाज वाटली असती, पण तो आनंदच होता. तिने पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली, या वेळी सावकाश, बाबांना नीट दिसेल अशी.

"बसत नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दोन बोटं कमी पडतंय. चुकीचं आलंय, बाबा. तिने चुकीचं पाठवलंय."

धाकटीला फोन लावायचं सुचलं तेही तिलाच. हात तेलकट असतानाच लावला.

"ताई, कसं शक्य आहे?" धाकटी म्हणाली. "सीटखालच्या पट्टीवरचा नंबर बाबांनी वाचून दाखवला. मी तीनदा ताडून पाहिला."

"नंबर जुळून काय करायचंय? लोखंड जुळायला नको?"

"मग परत पाठवू या का?"

"बघ तुझं तू. आम्ही आमचं जुनं लावतो. त्याच्यावरच चाललंय इतकी वर्षं."

धाकटी म्हणाली, "सॉरी ताई. तुझा शनिवार फुकट घालवला."

थोरलीने फोन ठेवला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला छातीत मोकळं वाटलं. बाबांनी कागदाची घडी केली, जशी होती अगदी तशीच, आणि स्टुलावर ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "जुनं लाव मग." आणि चहाचं बघतो म्हणून ते घरात गेले.

ती जुनं लावायला वाकली. तोंडात शीळ होती. पिन घालण्यापूर्वी चेसिस जरा पुसून घ्यावी म्हणून तिने फडकं फिरवलं, तर भोकाच्या अलीकडे बोटाला एक खळगा लागला. तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो टोकरला. वाळलेलं ग्रीस, माती आणि गवत यांचा एक बूच निघाला आणि आरपार उजेड दिसला.

तिथे एक भोक होतं. वाटोळं, कडा गुळगुळीत, कारखान्यातून आलेलं. त्याच्यापासून दोन बोटांवर दुसरं भोक, जरासं लांबट, कडा ओबडधोबड. ते हाताच्या ड्रिलने पाडलेलं. शीळ थांबली.

नऊ वर्षांपूर्वीचा तो रविवार तिला लख्ख आठवला. सळई जोडून झाली तेव्हा दोन बोटं लांब भरली होती. खरं म्हणजे ती कापून पुन्हा जोडायची. पण वेल्डिंग असं सुबक उतरलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं सरळ, की ते कापायचं तिच्या जिवावर आलं. मग सळईऐवजी तिने भोकच सरकवलं. नंतर ते ती विसरूनही गेली. स्वतःचं कौतुक कोण विसरतं? पण त्यासाठी केलेली लबाडी मात्र बरोबर विसरायला होते.

तिने स्टुलावरचा कागद घेतला. त्यावर लिंकेजचं चित्र होतं: दोन सळ्या, वाकडी पट्टी, आणि पट्टीपासून चेसिसच्या आकड्यापर्यंत ओढलेली एक नागमोडी रेघ. खाली लिहिलं होतं, 'स्प्रिंग सोबत दिलेली नाही. जुनीच वापरावी.'

कसली स्प्रिंग? तिने वाकून पाहिलं. चेसिसला आकडा होता. आकडा रिकामा होता.

मान वर केली तर दारामागे खिळ्यावर बाबांची टोपी.

भोक सरकवल्यावर ती स्प्रिंग सैल पडली होती, म्हणून तिने ती काढून टाकली होती. बाबा तेव्हा म्हणाले होते, "ही उरली की गं." आणि ती, आठ महिन्यांची फिटर, काय म्हणाली होती? "ती लागत नाही, बाबा. माझ्या पद्धतीत स्प्रिंगची गरजच नाही." बाबांनी स्प्रिंग हातात घेतली, एकदा तिच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि खिळ्यावर टांगली. डब्याचं निम्मं वजन उचलायला ठेवलेली स्प्रिंग नऊ वर्षं टोपी आणि कात्री सांभाळत होती. सळई तीनदा का तुटली, याचंही उत्तर तिथेच टांगलेलं होतं.

आता शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. ग्रीसचा एक गोळा घेऊन त्या भोकात दाबला की झालं. धाकटी सॉरी म्हणून बसली होती, बाबांनी बरं म्हटलं होतं, आणि हाताला यश कोणाच्या आहे हे पुन्हा एकदा ठरलं होतं. थोरलीने जुनं लिंकेज लावलं. हो, लावलंच. धाकटीपुढे चूक कबूल करायची या नुसत्या विचाराने तिचे कान तापले होते.

लावून झालं, ठोकळे काढले, आणि मग का कोण जाणे, ती सीटवर जाऊन बसली. नऊ वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. गवत कापणं तिचं काम नव्हतं. दुरुस्ती झाली की ती ट्रॅक्टरच्या बाजूला उभी राहून, चाकाला पाय लावून, अंगाच्या भाराने लिव्हर ओढून बघायची, आणि झालं म्हणायची.

सीटवरून तिने उजव्या हाताने लिव्हर ओढली. हलेना. पुन्हा ओढली. अर्ध्यावर येताच खांद्याच्या मागच्या बाजूला अशी कळ आली की तिने लिव्हर सोडून दिली. डबा धाडकन खाली बसला. दिवसभर पंप उचलणारे हात होते ते. आणि वाचनालयाच्या हिरवळीवर किती झाडं, किती आळी, किती पायवाटा? प्रत्येक ठिकाणी डबा उचलायचा. एका फेरीत पन्नास वेळा तरी. आठवड्यातून दोनदा.

आणि दर महिन्याला मलमाची एक ट्यूब, न सांगता, न चुकता. ती आणायची. कशाला लागते, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. म्हातारपण, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

ती उतरली. ठोकळे पुन्हा दिले, पिना पुन्हा काढल्या. टोपी आणि कात्री काढून स्टुलावर ठेवली आणि स्प्रिंग घासली, पुसली. नवी पट्टी मूळच्या भोकावर धरली तर ती अशी बसली, जणू तिथेच जन्मली होती. वॉशर, पिन, ग्रीस. डबा ठोकळ्यांवर वर होता म्हणून स्प्रिंग फारशी ओढावी लागली नाही. एक टोक पट्टीला, दुसरं त्या रिकाम्या आकड्याला.

बाबा चहाचे दोन कप घेऊन आले तेव्हा ती जमिनीवर बसून हात पुसत होती. बाबांनी स्टुलावरची टोपी पाहिली. मग रिकामा खिळा. मग खाली वाकून ट्रॅक्टरच्या पोटात पाहिलं.

"बसलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं. भाग बरोबरच होता. भोक मी सरकवलेलं."

आश्चर्य वाटलंय असं बाबांनी काही दाखवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"भोकाचं नव्हतं माहीत."

"आणि स्प्रिंगचं?"

"वीस वर्षं चालवलाय गं मी हा."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी कप तिच्यापुढे ठेवला. "तू किती खूश होतीस तेव्हा. म्हटलं, असू दे. एवढ्याशा स्प्रिंगसाठी कशाला पोरीचं मन मोडा. नंतर मग सांगायचं राहूनच गेलं."

"धाकटीला बरं सांगितलंत!" आठ दिवस दाबून ठेवलेलं शेवटी बाहेर आलं, आणि आलं तेही लहान मुलीच्या आवाजात.

"मी कुठे सांगितलं? तिनं विचारलं." बाबा चहात फुंकर घालत म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "फोन डाव्या हातात का धरता, म्हणाली. उजवा वर जात नाही म्हटलं. का जात नाही, म्हणाली. विचारत बसली म्हणून सांगावं लागलं. तू कधी विचारलं नाहीस."

चहा गरम होता आणि तिने तो तसाच घोटभर गिळला.

बाबा टोपी घालून सीटवर चढले. सवयीने त्यांनी दोन्ही हातांनी लिव्हर धरली, पाय रोवले आणि ओढली. ती इतकी झटकन मागे आली की ते सीटवर मागे कलंडले, टोपी पडली आणि "अगं आई गं!" म्हणून ते हसायला लागले. मग त्यांनी उजव्या हाताच्या तीन बोटांनी ओढून पाहिली. मग दोन बोटांनी. डबा वर, डबा खाली. खिडकीतून आई ओरडली, "काय खेळ चाललाय?"

दुपारी उन्हं उतरल्यावर बाबा वाचनालयाची हिरवळ कापून आले. कुंपणापाशी ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "धाकटीनं पाठवलं, थोरलीनं बसवलं." थोरलीला ते घरातून ऐकू आलं. धाकटीचं नाव आधी घेतलं हेही ऐकू आलं. माणूस एका दिवसात काही साधुसंत होत नाही.

तिने मलमाची ट्यूब काढली, बाबांना खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "सदरा काढा. कुठे दुखतं?"

"राहू दे गं. आता कशाला?"

"कुठे दुखतं विचारतेय."

बाबांनी डाव्या हाताने पाठीमागे दाखवायचा प्रयत्न केला. हात पुरेना. मग ती बोट ठेवत गेली आणि ते सांगत गेले, इथे नाही, जरा वर, जरा आत. हाडाच्या कडेला एक जागा सापडली, सुपारीएवढी, दगडासारखी कडक. तिथे बोट लागताच बाबांचा श्वास अडकला. बराच वेळ ती तिथे मलम चोळत राहिली.

मग पायरीवर जाऊन तिने धाकटीला फोन लावला.

"भाग बरोबर होता. चूक माझी होती, नऊ वर्षांपूर्वीची. सकाळी तुला बोलले ते विसर." आणि धाकटीला मध्ये बोलू न देता तिने पुढचं सांगून टाकलं. निदान ही एक बातमी तरी धाकटीच्या आधी तिच्याकडे आली होती. "आणि ऐक, बाबांचा खांदा दुखतो तो वरून नाही. मागून, आतल्या बाजूला, हाडाच्या कडेला."

"हो ताई," धाकटी म्हणाली. "माहीत आहे मला."

म्हणजे इथेही धाकटीच पहिली. फोन ठेवून द्यावा असं थोरलीला फार वाटलं. तिने तो दुसऱ्या कानाला लावला आणि पायरीवर नीट मांडी घालून बसली.

"आणखी काय काय माहीत आहे तुला?" ती म्हणाली. "सगळं सांग."